पाच पोझिशन

'पोझिशन' हा शब्द फौजी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. उस्तादाचा आवाज आला की माणूस आधी जमिनीवर पडतो आणि मग विचार करतो. पण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, खांद्यावर नायब सुभेदाराचा तारा असताना, शिलाँगमधल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने मला पोझिशन पुन्हा पहिल्यापासून शिकवल्या. या पोझिशन गिटारच्या होत्या. एकूण पाच. त्या पाठ व्हायला मला दोन महिने लागले आणि त्या कशासाठी असतात हे कळायला जवळजवळ वर्ष.

शिलाँगबद्दल लिहा, असं दोन-तीन जुन्या सोबत्यांनी सुचवलं होतं. तिथला पाऊस, धुकं, हॅपी व्हॅलीतली परेड, यावर लिहीन कधीतरी. आज मात्र गिटारचंच लिहितो.

२०११ च्या पावसाळ्यात मी शिलाँगला पोहोचलो. आमची सिग्नल्सची नोकरी. एक्सचेंज, रेडिओ सेट, लाइन, आणि पावसात भिजलेल्या जॉइंटमधून येणारी खरखर. शहर दीड हजार मीटर उंचीवर, आणि गाणं तर जणू हवेतच. १८४१ मध्ये वेल्श मिशनरी खासी डोंगरांत आले, तेव्हापासून चर्चमधलं चार सुरांत गायचं वळण इथल्या लोकांच्या अंगात मुरलेलं आहे. रविवारी रस्त्याने जाताना प्रत्येक वळणावर कॉयर ऐकू येतो. त्याच शहरात लू माजॉ नावाचे गायक १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करतात. आणि याच शहरातला 'सोलमेट' हा ब्लूज बँड २००७ मध्ये भारताच्या वतीने अमेरिकेत मेम्फिसच्या स्पर्धेत वाजवून आला. आपल्याकडे गावात जसा एखादा तरी पेटी वाजवणारा सापडतो, तसा तिथे गल्लीत एखादा तरी गिटारवाला सापडतो.

आता मी गिटारकडे का वळलो ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

माझा मुलगा तेव्हा अकरावीत होता. दहावीच्या वर्षी त्याच्या मामाने त्याला एक जुनी गिटार आणून दिली होती. दहावीत मार्क कमी पडले. मी सुट्टीवर आलो, निकाल पाहिला, गिटार उचलली आणि माळ्यावर टाकली. "या तुणतुण्यानं पोट भरणार आहे का?" असं म्हणालो. आमच्या घरात माझे आजोबा फौजेत, वडील फौजेत, मी फौजेत. सातारा जिल्ह्यात अशी घरं तुम्हाला पावलोपावली दिसतील. पोरगा काय करणार, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

तो काही बोलला नाही. त्या दिवसानंतर फोनवर त्याच्याकडून मला तीन शब्द मिळत. "हो." "नाही." "ठीक." वायरलेसवर आपण 'रॉजर' म्हणतो तसं. निरोप मिळाला, एवढाच अर्थ. सौ. म्हणायची, वय आहे, जाईल. वर्षभर गेलं नाही.

तर शिलाँग. लैतुम्ख्रा भागात एका चढाच्या गल्लीत एक छोटं दुकान होतं. रेडिओ, टेप, गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करायचं. मी माझा ट्रान्झिस्टर घेऊन गेलो. सिग्नल्सच्या जेसीओने ट्रान्झिस्टर बाहेर दुरुस्तीला न्यावा हे लाजिरवाणंच, पण एक पार्ट माझ्याकडे नव्हता. दुकानदार साठीचे, खासी, डोक्याला लोकरीची टोपी, गालात क्वाय, म्हणजे सुपारी-पान. तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाह' म्हणतात, आपल्या 'दादा'सारखं. मीही त्यांना बाह म्हणू लागलो. ते मलाही बाहच म्हणायचे.

त्यांनी एक अ‍ॅम्प उघडून सोल्डर केला, बंद केला आणि आवाज तपासायला भिंतीवरची इलेक्ट्रिक गिटार काढून जोडली. चारच सूर वाजवले. मग थांबले. मग तीन सूर. पुन्हा थांबले. कुणीतरी काहीतरी विचारावं आणि कुणीतरी थोडा वेळ घेऊन उत्तर द्यावं, तसं. मी ट्रान्झिस्टर विसरलो.

"बाह, ये सीखने में कितना दिन लगता है?" मी विचारलं.

"कितना दिन है तुम्हारे पास?"

"दोन वर्षं. मग बदली."

ते हसले आणि म्हणाले, रविवारी दुपारी चर्च झाल्यावर ये.

बाजारातून एक जुनी गिटार घेतली. पहिल्या रविवारी त्यांनी पहिली पोझिशन दाखवली. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी गिटार पडून असेल तर हातात घ्या, नेमकं सांगतो. स्केलचं नाव 'ए मायनर पेंटॅटॉनिक'. पाच सूर: ए, सी, डी, ई, जी. पहिलं बोट पाचव्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर. सगळ्यात जाड तारेवर ५ आणि ८. पुढच्या तीन तारांवर ५ आणि ७. शेवटच्या दोन बारीक तारांवर पुन्हा ५ आणि ८. बारा जागा झाल्या. ब्लूज आणि रॉकमधले निम्मेअधिक सोलो याच चौकटीच्या आसपास फिरतात.

मी वाजवून पाहिलं आणि हा सूर ओळखीचा वाटला. लहानपणी गावच्या भजनी मंडळात मी थोडी पेटी वाजवायचो. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा तर आपला धानी! बाहना हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तेच पाच सूर सी पासून सुरू करून वाजवले, आणि तो झाला भूप. सूर तेच, पण घर बदललं की राग बदलतो, हे आपल्या पेटीवाल्या बुवांनाही माहीत असतं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेलं हे गाणं मला एकदम परकं वाटेनासं झालं. आणि बुवांनी ओळ म्हणायची, टाळकऱ्यांनी ती उचलायची, ही आपली भजनातली पद्धतही तिथे आहेच. शेतात एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, असं ब्लूजचं मूळ.

पहिली पोझिशन जमली आणि मी फौजी पद्धतीने कामाला लागलो. बाहनी पाचही पोझिशन कागदावर काढून दिल्या. दुसरी सातव्या-आठव्या पडद्यापासून दहाव्यापर्यंत. तिसरी नवव्या-दहाव्यापासून बाराव्या-तेराव्यापर्यंत. चौथी बाराव्यापासून पंधराव्यापर्यंत. पाचवी चौदाव्या-पंधराव्यापासून सतराव्यापर्यंत. तिथे पुन्हा पहिलीच सुरू होते, एक सप्तक वर. जुन्या लॉग शीटच्या मागे मी नकाशे काढले आणि खोलीत पलंगासमोर चिकटवले. रोज रात्री रोल कॉलनंतर एक तास. वर-खाली, वर-खाली. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. शेजारच्या खोलीतले साहेब म्हणायचे, "अरे, या वयात रॉकस्टार होणार काय?"

मी त्यांना जिमी हेंड्रिक्सचं सांगायचो. तोही फौजी. १९६१ मध्ये अमेरिकन फौजेत भरती झाला, १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराट्रूपर होता. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल छावणीत तो गिटार वाजवत असताना बिली कॉक्स नावाच्या सोबत्याने ऐकलं आणि दोघांनी मिळून वाजवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी हेंड्रिक्सची फौज सुटली, पण १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मंचावर त्याच्यामागे बेस वाजवायला हाच बिली कॉक्स उभा होता. छावणीतली दोस्ती अशी टिकते. साहेब म्हणायचे, "तो पॅराट्रूपर विशीत होता, तू चाळिशीत आहेस." तेही बरोबरच.

दोन महिन्यांनी पाचही पोझिशन झोपेत वाजवता येतील इतक्या पक्क्या झाल्या. रविवारी दुकानात गेलो. बाह दुसऱ्या गिटारवर बारा घरांचा ब्लूज वाजवू लागले, ज्याला 'ट्वेल्व्ह बार' म्हणतात. मी सुरू झालो. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, सतराव्या पडद्यापर्यंत चढाई आणि परत. एकही सूर चुकला नाही. मनात म्हटलं, आता शाबासकी मिळणार.

बाहनी हात थांबवला. पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "तुमने सब मकान का नंबर पढ़ दिया. जाना किसके घर था?"

मला फार लागलं ते. पण खरं होतं. माझ्या वाजवण्यात पत्ता होता, निरोप नव्हता.

त्यानंतर त्यांनी तीन आठवडे मला स्केल वाजवू दिली नाही. फक्त ए शोधायचा. जाड तारेवर ५. चौथ्या तारेवर ७. बी तारेवर १०. पाचव्या तारेवर १२. तिसऱ्या तारेवर १४. पुन्हा पहिल्या आणि सहाव्या तारेवर १७. पाचही पोझिशन विसर, म्हणाले, आधी हे घराचे दरवाजे लक्षात ठेव. अंधारात आलास तरी हात तिथेच गेला पाहिजे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की पाच पोझिशन ही पाच वेगळी गावं नाहीतच. मॅप रीडिंगमध्ये आपण शेजारशेजारच्या शीट जोडतो ना, एका शीटची उजवी कड म्हणजे दुसरीची डावी कड, तसं आहे हे. पहिल्या पोझिशनचे वरचे सूर तेच दुसरीचे खालचे सूर. जमीन एकच, कागद पाच. मी कागद पाठ केले होते, जमीन पाहिलीच नव्हती.

मग त्यांनी दुसरा नियम घातला. आधी तोंडाने गा, मग वाजव. जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. इथे मला माझी जबलपूरची ट्रेनिंग आठवली. रिक्रूट असताना मोर्स शिकताना आम्ही कागदावर टिंब आणि रेघा पाठ करायचो. 'ए' म्हणजे एक टिंब एक रेघ. परीक्षेत लिहायला ठीक. पण कानावर सिग्नल यायला लागला की टिंब मोजेपर्यंत पुढची तीन अक्षरं निघून जायची. मिनिटाला दहा-बारा शब्दांवर गाडी अडकायची ती हलायचीच नाही. उस्ताद म्हणायचे, कागद फेकून दे. 'ए' म्हणजे टिंब-रेघ नव्हे, 'ए' म्हणजे 'डि-डा'. अक्षर ऐकायचं असतं, मोजायचं नसतं. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी वेग आपोआप वाढला. वीस वर्षांनी तीच चूक मी गिटारवर करत होतो. पडद्यांचे नंबर मोजत होतो, सूर ऐकत नव्हतो.

मोर्सने एका ठिकाणी घातही केला. ब्लूजचा ठेका, शफल, लांब-आखूड लांब-आखूड असा चालतो. डा-डि, डा-डि. मी म्हटलं, हे तर माझ्या हाडांत आहे. बाह ऐकून पोट धरून हसले. मोर्समध्ये रेघ टिंबाच्या तिप्पट असते. शफलमध्ये लांब सूर आखडाच्या दुप्पटच असतो, एका ठोक्याचे तीन भाग करून दोन आणि एक. माझा शफल परेडसारखा ताठ येत होता. तो सैल करायला महिना गेला.

बेंड मात्र मला आवडला. तार दाबून वर ढकलायची, म्हणजे आपली मींड. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्यावर डी आहे. तार ढकलून तो ई पर्यंत न्यायचा. बरोबर पोहोचला की नाही हे तपासायला शेजारच्या बी तारेचा पाचवा पडदा वाजवायचा, तिथे ई तयारच असतो. दोन्ही एक झाले पाहिजेत. अजून एक बारीक गोष्ट. तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर कोमल ग आहे. तो जरासाच, अर्ध्या स्वराहूनही कमी ढकलायचा. कोमलही नाही, शुद्धही नाही, मधलं. पेटीत हा सूर नाहीच. गळ्यात आहे. ब्लूजचं सगळं रडणं त्या अर्धवट सुरात आहे. पाचव्या तारेवर ६ आणि तिसऱ्या तारेवर ८ हा आणखी एक चोरटा सूर, म आणि प च्या मधला. तिथे राहायचं नाही, फक्त जाता जाता पाय लावायचा.

ट्वेल्व्ह बार म्हणजे बारा घरं. ए ची चार, डी ची दोन, ए ची दोन, मग ई, डी, ए आणि परत फिरायला ई. स्केल तीच राहते, पण खालचं घर बदललं की त्याच सुराचा अर्थ बदलतो. डी च्या घरात डी किंवा ए वर उतरलं तर वाक्य पूर्ण वाटतं. ई च्या घरात ई वर. म्हणजे वाजवताना कान स्वतःच्या बोटांकडे नाही, समोरच्याकडे पाहिजे. तो कुठे पोहोचला आहे हे कळलं तर आपण कुठे उतरायचं ते कळेल.

हे मला कळत होतं, पण जमत नव्हतं. मी सतत वाजवत राहायचो. जागा दिसली की भरायची. एका रविवारी बाहनी बी. बी. किंग यांची १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात झालेली मैफल लावली. ऐक, म्हणाले, आणि मोज, ते कितीदा गप्प बसतात. बी. बी. गातात तेव्हा गिटार गप्प. गिटार बोलते तेव्हा ते गप्प. आणि मध्ये चक्क रिकामी जागा. लोक त्या रिकाम्या जागेत ओरडत होते.

मी बाहना म्हटलं, आमच्याकडे याला 'ओव्हर' म्हणतात. मग त्यांना समजावून सांगितलं. सेटच्या हँडसेटवर बोलायचं बटण असतं, प्रेसल. ते दाबलेलं असेपर्यंत तुम्ही बोलू शकता, पण ऐकू काहीच येत नाही. म्हणून बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि प्रेसल सोडायचा, म्हणजे आता तू बोल. संभाषण संपवायचं असेल तरच 'आउट'. नवा रिक्रूट घाबरला की प्रेसल दाबूनच ठेवतो. अख्खं नेट जाम होतं. समोरून मदतीची हाक येत असली तरी त्याला ऐकू येत नाही.

हे सांगता सांगता मी गप्प झालो. बाहना वाटलं शब्द शोधतोय. मी शब्द शोधत नव्हतो. गेलं वर्षभर दर रविवारी घरी फोन करून मी पोराला काय काय सांगत होतो ते मला आठवत होतं. अभ्यास कर. सकाळी पळायला जा. भरतीला उंची, छाती, सगळं लागतं. आईला त्रास देऊ नको. प्रेसल दाबलेला. आणि वर माझी तक्रार, की पोरगा बोलत नाही.

२०१२ च्या डिसेंबरात सुट्टी मिळाली. गुवाहाटीहून मुंबईपर्यंत दोन रात्री गाडीत काढल्या. सामानात तारांचे दोन सेट. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो. गिटारवर धूळ, तारांना गंज, एक तार तुटलेली. ओसरीत बसून जुन्या तारा काढल्या, मान पुसली, नव्या चढवल्या. पोरगा कॉलेजातून आला, दारात थबकला. मी वर बघितलं नाही. म्हटलं, "ही बी तार सारखी उतरतेय. बघ जरा."

त्याने चप्पल काढली, शेजारी बसला आणि तार लावून दिली. तारा नव्या असल्या की ताणून ताणून बसवाव्या लागतात, हे त्याला माहीत होतं. मग मला बोलावंच लागलं. "मी ही माळ्यावर टाकायला नको होती," असं म्हणालो. एवढंच. घरात हे वाक्य बोलायची सवय कुणालाच नव्हती. तो म्हणाला, "ठीक." पण तो नेहमीचा 'ठीक' नव्हता.

"पप्पा, तुम्हाला येते?"

"पाच पोझिशन येतात. सोलो येत नाही. तू ट्वेल्व्ह बार धर."

घरात गिटार एकच. शेजारच्या पोराची मागून आणली. माझ्या पोराने ए मध्ये शफल धरला आणि मी चकित झालो. वर्षभर घरात गिटार नव्हती, पण तो मित्राकडे जाऊन वाजवत होता. आईला माहीत होतं. मला नव्हतं. मी पहिल्या पोझिशनमध्ये सुरुवात केली. चार घरं बरी गेली. डी आला, सावरलं. नवव्या घराला मी पार हरवलो, कुठल्या तारेवर आहे तेही कळेना.

"पप्पा, थांबा," तो म्हणाला. वाजवत वाजवतच. "ई गेला, आता डी. डी नंतर ए. थांबा... आता."

मी चौथ्या तारेवर सातवा पडदा दाबला. एकच सूर. घराचा. आणि खरंच थांबलो. दोन घरं काहीच वाजवलं नाही. त्या रिकाम्या जागेत त्याने तीन-चार सूर टाकले, माझ्याकडे न बघता. मग मी एक. मग तो. सौ. स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात तसेच घेऊन उभी होती.

त्या रात्री जेवण झाल्यावर अंगणात तो आपणहून बोलायला लागला. त्याला फौजेत जायचं नव्हतं. भरतीची तयारी तो करतच नव्हता, मला फोनवर 'हो' म्हणायचा तेवढंच. त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता, आवाजाच्या यंत्रांचं काम शिकायचं होतं. हे सांगायला तो दीड वर्ष घाबरत होता.

खोटं कशाला लिहू, मला ते पटलं नव्हतं. तीन पिढ्यांची रांग माझ्यापाशी थांबणार, हे गिळायला जड गेलं. आजोबांचा फोटो भिंतीवर होता तिकडे बघवेना. जीभेवर पाच-पन्नास वाक्यं आली होती. पण मी बोललो नाही. त्याला बोलू दिलं. तो संपूर्ण बोलून थांबला, आणि मीही थोडा वेळ थांबलो. मग एवढंच विचारलं, "फॉर्म कधी भरायचा?"

शिलाँगला परतल्यावर बाहना सगळं सांगितलं. पोराने भरतीला नकार दिला हेही. ते म्हणाले, चांगला ऱ्हिदम वाजवणारा पोरगा आहे तुझा, बापाला हरवू देत नाही. २०१३ मध्ये बदलीची ऑर्डर आली. शेवटच्या दिवशी दुकानात चहा घेतला, खासी भाषेत 'खुब्लेई' म्हणालो, म्हणजे देव भलं करो. त्यांनी अंगठा हवेत दाबून सोडला, प्रेसलसारखा, आणि म्हणाले, "ओव्हर." आउट नाही म्हणाले. त्यांची आठवण आली की मला ते आठवतं.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पोरगा पुण्यात नोकरी करतो, लाइव्ह कार्यक्रमांच्या साउंडचं काम बघतो. आमचा सोलो अजून यथातथाच आहे. कुणी सोबती निवृत्तीनंतर गिटार शिकू म्हणत असेल, तर माझा सल्ला थोडक्यात असा. पाचही पोझिशन एकदम पाठ करू नका. पहिली घ्या, तिच्यातले घराचे दरवाजे ओळखा, तीन सुरांत काहीतरी म्हणून बघा. मग शेजारची शीट जोडा. तोच पहिला आकार तीन पडदे खाली, दुसऱ्या पडद्यावर नेलात की ए चा भूप मिळेल, तोही वापरून बघा. रोज वीस मिनिटं पुरतात. आणि त्यातली पाच मिनिटं न वाजवता नुसतं ऐका.

दर महिन्याला पोरगा मोबाईलवर ट्वेल्व्ह बार रेकॉर्ड करून पाठवतो. दोन घरं तो वाजवतो, दोन माझ्यासाठी रिकामी सोडतो. मी भरून परत पाठवतो. या महिन्यात त्याने ए सोडून ई मध्ये पाठवलाय. म्हणजे सगळ्या पोझिशन पाच पडदे खाली. आकार तेच, मुक्काम नवा. बदलीची आपल्याला सवय आहेच. दोन दिवस झाले, सामान लावतोय.

जय हिंद.